आरूचा हात पुरणार नाही तिथं

मंगळवार होता. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं. वेळ पक्की लक्षात आहे, कारण मी तेव्हाच भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून म्हणलं होतं, "बाई गं, अकरा वाजायला आले आणि कणीक मळायची राहिली!"

वळून बघते तर आरू बाजेखालून थंड्याची बाटली काढून बसलेली. दोन्ही हातांत धरलेली आणि तोंडाला लावलेली. आत थंडा नव्हता. गावाकडून आणलेलं गवत मारायचं औषध होतं.

झाकण घट्ट होतं. पोरगी नुसतं झाकण चावत होती. बाटली हिसकली, तिचे हात-तोंड धुतले आणि तिला तशीच उचलून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तपासून "पोटात काही गेलं नाही" म्हणलं तेव्हा कुठं मला श्वास आला.

त्या दिवशी मी ठरवलं. आरूच्या हाताला लागेल अशी एकही धोक्याची वस्तू या घरात ठेवायची नाही. कुणाला राग येवो, कुणी हसो.

मला वाटायचं, घर आवरलं की सामान कमी होतं. तसं नसतं हो! सामान तेवढंच राहतं, नुसती जागा बदलतं. वाढतात ते किस्से. आमच्या उदगीरच्या दोन खोल्यांत आम्ही चारच माणसं. मी, दोन वर्षांची आरू, आडत दुकानावर कामाला जाणारे तिचे पप्पा आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते. सासरे, म्हणजे मामा, गावाकडं शेतात असतात. पण तीन महिन्यांत एवढे किस्से जमले की ते ठेवायलाच आता फळी पाहिजे!

*

आधी हे ठरवायचं होतं, की आरूचा हात पुरतो तरी कुठवर?

तिला भिंतीला पाठ लावून उभं केलं. म्हणलं, "आरू, चांदोबा धर!" पोरीनं टाचा उचलून हात वर केले. बोटं लागली तिथं लाल खडूनं खूण केली. मग आठवलं, ही पाटावर चढते. पाटावर उभी केली, दुसरी खूण. तेवढ्यात बाईसाहेब स्वतःच स्टूल ओढत घेऊन आल्या. तिसरी खूण!

आरूचे पप्पा जेवता जेवता बघत होते. म्हणले, "आता माझ्या खांद्यावर बसव आन् मोज. तेवढंच राहिलंय."

मी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या खुणेवरून दोन्ही खोल्यांत चारी भिंतींना लाल रेघ मारली. बरोबर माझ्या हनुवटीला येते. फिनेल, ॲसिड, काडीपेटी, कात्री, गोळ्या, सुया, सगळं रेघेच्या वर. आणि नुसतं वर नाही, तर कडी लागेल अशा जागी. खाली काय? कांदे-बटाटे, गोधड्या, चपला आणि आरू.

आत्या दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. त्यांचा आयुष्यभराचा नियम एकच, सामान हाताशी पाहिजे. त्या बाटलीबद्दलसुद्धा एवढंच म्हणल्या होत्या, "हाताशी असावी म्हणून ठिवली होती गं."

रेघ बघून म्हणल्या, "सवे, घर आवरूलालीस का तहसीलची मोजणी करूलालीस?"

*

पहिलं भांडण गोळ्यांवरून झालं.

आत्यांच्या बीपीच्या गोळ्या त्यांच्या चंचीत असायच्या. सुपारी, कात, लवंग आणि त्यातच गोळ्या. चंची उशीखाली आणि उशी जमिनीवर. आरूला चंचीचं भारी वेड! मी चंची उचलून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांचा आवाज आख्ख्या गल्लीला ऐकू गेला. "आगं ए! माझा जीव वर टांगून कुठं गेलीस? खाली दे की!"

आत्यांची उंची बेताची. फळीला त्यांचा हात पुरत नाही. आरूपासून लपवायला गेले आणि त्यांच्यापासूनच लपवून बसले! स्टुलावर चढून त्या पडल्या असत्या तर? त्या रात्रीपासून मला हा नवा घोर लागला. एकीला पुरायला नको, दुसरीला पुरायला पाहिजे.

उपाय छतात सापडला. आरूची झोळी बांधायचो ते कडं रिकामंच लोंबत होतं. त्यातून सुतळी ओवली, एका टोकाला झाकणाचा डबा आणि डब्यात गोळ्या. दुसरं टोक रेघेच्या वर खिळ्याला गुंडाळलं. सुतळी सोडली की डबा खाली, ओढली की वर. विहिरीवरच्या पोहऱ्यासारखं. सुपारीची चंची मात्र आत्यांनी कमरेलाच खोचली.

आता शेजारीण आली की आत्या तिला डबा वर-खाली करून दाखवतात. म्हणतात, "आधी हितं माझी नात झोपायची. आता माझा बीपी झोपतोय!"

*

मग घेतलं स्वयंपाकघर.

आमच्या शेजारी शोभा वहिनी राहतात. शिकलेल्या आहेत, शाळेत शिकवतात. घर आवरायचे व्हिडिओ बघायचा त्यांना नाद. त्या म्हणल्या, "सविता, सगळे डबे एकसारखे आहेत ना? लेबल लाव. गोंधळच होणार नाही."

मी बसून बावीस चिठ्ठ्या लिहिल्या. तूरडाळ, हरभराडाळ, साखर, रवा. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण अक्षर चांगलं आहे. डबे असे दिसायला लागले जसं दुकानच!

चौथ्या दिवशी आत्यांनी भजी केली. पिठात सोडा टाकायला त्यांनी डबा उघडला आणि चिमूट उचलली. तेवढ्यात माझी नजर गेली. मी ओरडले, "आत्या, तो धुण्याचा सोडा हाय!"

आत्या थांबल्या. चिमूट परत डब्यात सोडली आणि हळूच म्हणल्या, "पोरी, तू लिवलंस ते चांगलंच लिवलंस. पर मला वाचता कुठं येतंय?"

मला एवढी लाज वाटली! बावीस चिठ्ठ्या लिहिताना एकदासुद्धा मनात आलं नव्हतं. आधी धुण्याचा सोडा स्वयंपाकघरातून उचलला आणि न्हाणीघरातल्या कडीच्या कपाटात नेला. तो तिथं नव्हता ही माझी चूक, त्यांची नाही. मग चिठ्ठ्यांच्या शेजारी खरी वस्तूच चिकटवली. चिकटपट्टीखाली तुरीचे चार दाणे, हरभऱ्याचे चार, एक लाल मिरची, चिमूटभर हळद. आत्या खूश. आरूसुद्धा बोट लावून "दाय, दाय" करायला लागली.

फक्त गुळाच्या डब्याला गुळाचा खडा चिकटवला ती माझी चूक.

सकाळी उठून बघते तर भिंतीवरून ही लांब काळी रांग! आत्या कमरेवर हात ठेवून म्हणल्या, "बघ. तुझं लेबल मुंग्यांनाबी वाचता आलं!"

*

शोभा वहिनींनी दुसरा नियम सांगितला. "वर्षभरात जे वापरलं नाही ते घरात ठेवायचंच नाही. सरळ काढून टाकायचं."

आत्या शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "वर्षभर कामाला न्हाई आलं तर काढायचं?"

"हो काकू. अगदी कठोर व्हायचं."

"मंग सवे, गावाकडं फोन लाव," आत्या म्हणल्या. "तुझ्या सासऱ्यापासून सुरवात करू!"

*

माळ्यावर हात घातला आणि खरं युद्ध सुरू झालं.

माळा भरला होता लग्नातल्या आहेरानं. आपल्याकडं आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात. आमच्या माळ्यावर अकरा पातेली, नऊ डबे, सहा घागरी आणि सगळ्यांवर नावं! चार माणसांच्या घरात अकरा पातेली काय करायची? मी म्हणलं, "आत्या, थोडी देऊन टाकू."

"नाव घातलंय त्याच्यावर! नाव घातलेलं देतात व्हय? उद्या त्यो माणूस दारात आला तर काय दाखिवशील?"

मला राग आला. पण विचार केला, ठेवायचीच आहेत तर रिकामी कशाला ठेवायची? घागरीत स्वेटर आणि टोप्या घातल्या. मोठ्या पातेल्यात आरूचे लहान झालेले कपडे, डब्यांत वायरी, चार्जर, बॅटरीचे सेल. झाकणं घट्ट, उंदीर नाही, झुरळ नाही. आणि चिठ्ठीची गरजच नाही, भांड्यावर आधीच नाव आहे! सगळ्यांना पाठ झालं. अहमदपूरच्या मामीत चार्जर, देवणीच्या मावशीत लोकर, किल्लारीच्या काकात मोजे.

एक दिवस खुद्द किल्लारीचे काका आले. भूकंपानंतर स्वतःच्या हातानं दुसरं घर उभं केलेला माणूस, कडक. फेटा काढून बैठकीत बसले, पाणी प्याले. आरूचे पप्पा आत कामाला जायची तयारी करत होते. काका आलेत हे त्यांना कुठं ठाऊक? आतून मोठ्यानं विचारलं, "सविता, माझे मोजे कुठायत?"

मी काही बोलायच्या आत आत्या सवयीनं ओरडल्या, "काकाच्या पोटात बघ!"

काकांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. आधी आत्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग स्वतःच्या पोटाकडं.

मी पातेलं खाली काढून दाखवलं. काकांनी नावावरून बोट फिरवलं, झाकण उघडलं, आतले सहा जोड मोजे बघितले. म्हणले, "आठ वर्सं झाली दिऊन. पयल्यांदाच कुणीतरी कामाला लावलं!"

*

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण येळवस जवळ आली आणि माझं हसू गेलं.

बाहेरच्यांसाठी सांगते. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या लातूर जिल्ह्यात त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करायची, चुन्यानं रंगवलेल्या पाच दगडांची पूजा करायची, मग ओल्या शेंगा आणि पालेभाज्या शिजवून केलेली भज्जी, बाजरीच्या पिठाचे उंडे आणि मडक्यातलं आंबील. ओळखीचा असो, बिनओळखीचा असो, शेतात आलेल्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही.

आरूची चालती-बोलती अशी ही पहिलीच येळवस. आत्या महिनाभर आधीपासून सांगत होत्या, "माझी नात यंदा आंबील पिणार."

आणि माझ्या डोळ्यांपुढं काय यायचं? शेतातलं पत्र्याचं शेड. फवाऱ्याचा पंप जमिनीवर, औषधाचे डबे कोपऱ्यात, उरलंसुरलं औषध थंड्याच्या बाटल्यांत आणि त्या बाटल्या पाण्याच्या घागरीच्या शेजारी. ती बाजेखालची बाटली तिथूनच तर आली होती! शेतात शंभर माणसं येणार. मी उंडे वळू का आरूच्या मागं पळू?

आठ दिवस आधी मी सांगून टाकलं. "आत्या, मी येते, हेबी येतील. पण शेडात सामान असं पडलंय तवर आरू शेतात येणार न्हाई. तिला मी माझ्या आईकडं ठेवते."

आत्यांच्या हातातली सुपारी तशीच राहिली.

"येळवशीला लेकरू शेतात न्हाई आणायचं?"

"न्हाई."

"आमची लेकरं त्याच शेडात वाढली."

"वाढली, आत्या. पण माझ्यात तेवढा धीर न्हाई."

आरूचे पप्पा म्हणले, "एका दिवसाचा तर प्रश्न हाय, जरा लक्ष ठेवू." मी म्हणलं, "त्या मंगळवारीबी मी घरातच होते. चार पावलांवर होते."

दुसऱ्या दिवशी आत्यांनी पिशवी भरली आणि एसटीनं गावाकडं निघून गेल्या. डबा कड्याला तसाच लटकत राहिला. त्यातल्या गोळ्या मात्र आठवणीनं नेल्या होत्या.

तीन दिवस फोन नाही. मला वाटलं, तुटलं. रोज आरू कड्याखाली उभी राहून "आजी वर गेली?" विचारायची. पण मी माघार घेतली नाही. आईला फोन करून आरूचं नक्की करून टाकलं.

चौथ्या दिवशी फोन वाजला. ना कशी आहेस, ना काही.

"सवे, ती तुझी रेघ किती उंचीला मारलीस?"

"माझ्या हनुवटीला, आत्या."

"तुझी हनुवटी हितं कुठून आणू मी? माझ्या कुठं येती ते सांग!"

मी डोळे मिटून आत्यांना भिंतीजवळ उभं केलं. "तुमच्या कुंकवाला."

"बरं," म्हणल्या आणि फोन ठेवला.

*

त्या फोनमुळं येळवशीला आरू आली. पण शेड बघितल्याशिवाय तिला कडेवरून खाली सोडणार नाही, असं मी ठरवून आले होते.

शेडाला आतून चारी बाजूंनी चुन्याची पांढरी रेघ! पाच दगड रंगवायला भिजवलेल्या चुन्यातला चुना घेऊन आत्यांनी मारलेली. जरा वाकडी, पण कुठं तुटलेली नाही. फवाऱ्याचा पंप वर टांगलेला. औषध कंपनीच्या मूळ डब्यांतच, डबे जुन्या लोखंडी पेटीत, पेटी रेघेवरच्या फळीवर आणि पेटीला कुलूप. थंड्याच्या झाडून सगळ्या रिकाम्या बाटल्या विळ्यानं उभ्या चिरून पोत्यात भरलेल्या. परत कुणी त्यात काही भरायलाच नको!

मी विचारलं, "किल्ली?"

आत्यांनी पदर बाजूला केला. मंगळसूत्रात ओवली होती.

मामा बाहेर मडक्यापाशी बसले होते. मला बघून म्हणले, "काल पलीकडच्या तुरीवर फवारायचं होतं गं. किल्ली मागितली तर म्हणती, आधी हात दाखवा, तंबाखू मळली का बघू, औषधाचा हात तोंडात जायला नको! चाळीस वर्सं संसार केला, असली झडती पोलिसांनीबी घेतली न्हाई."

मी आरूला खाली सोडलं. पोरगी सुटली ती थेट हरभऱ्याच्या वाफ्यात.

मग माणसं यायला लागली. आत्या प्रत्येकाला पान मांडायच्या, पण वाढायच्या आधी कोपेच्या तोंडाशी उभ्या राहून विचारायच्या, "बसा. पर आधी सांगा, तुमच्या शेतात फवाऱ्याचं औषध कुठं ठिवता?"

माणसं गोंधळायची. कुणी म्हणायचं कोपऱ्यात, कुणी बाजेखाली, एकजण तर म्हणला पाण्याच्या रांजणामागं. "वर टांगा," आत्या दरडावायच्या. "कुंकवाच्या वर. आन् थंड्याच्या बाटलीत न्हाई!" मगच भज्जी. जाताना आंबिलाचा तांब्या रिकामा झाला की परत एकदा, "पुढल्या शेतात सांगा बरं का."

जेवणं उरकल्यावर रिवाजाप्रमाणं आम्ही दुसऱ्यांच्या शेतात निघालो. आत्या, मी आणि माझ्या बोटाला आरू. एक बांध, दोन बांध, ओढा ओलांडून पलीकडं. तिकडं आमच्या ओळखीचं कुणीच नव्हतं. कोपेतून एक तरणी बाई बाहेर आली, कडेवर लेकरू. आत्यांना नमस्कार केला, घोंगडी अंथरली, भज्जीचं पातेलं ओढलं. पळी भरली आणि हात तसाच थांबवला.

"मावशी, राग मानू नका. आज आमच्यात एक पद्धत निघालीय. वाढायच्या आधी सांगावं लागतंय, तुमच्या घरी फवाऱ्याचं औषध कुठं हाय?"

मी आत्यांकडं बघितलं. आत्या माझ्याकडं बघेनात. त्यांनी बोट उचललं आणि स्वतःच्या कुंकवाच्या वर टेकवलं.

"हितं."

"बरोबर हाय," ती बाई म्हणली आणि वाढलं. "तुमच्यासारख्या जुन्या बायांना लई समजावून सांगावं लागतंय, म्हणून इचारलं. जाताना पुढल्या शेतात सांगा बरं का, मावशी. इसरू नका."

आत्यांनी आरूला मांडीवर घेतलं, आंबिलाचा पेला तिच्या ओठाला लावला आणि मान खाली घालून म्हणल्या, "सांगते, बाई. नक्की सांगते."